दोन गुंजांच्या आत

ग्रेन म्हणजे किती, हे मला ओहायोत कुणाला विचारावं लागलं नाही. ते कोल्हापुरातच कळलं होतं, फक्त दुसऱ्या टोकाकडून. अण्णा गुजरीत एका सराफाकडे कारागीर होते; साजाच्या पानड्या ही त्यांच्या हातची खासियत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे कोष्टक आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झालं. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनवर बांधून टाकला, म्हणून माशाचे पंधरा ग्रेन आणि गुंजेचे पावणेदोनहून थोडे जास्त. ग्रेन म्हणजे मुळात जवाचा दाणा. साजात पानड्यांच्या मध्ये ओवतात त्या मण्यांनाही जवमणीच म्हणतात. अण्णांना याचं फार अप्रूप होतं. "इंग्रज असू दे न्हाईतर आपण, सगळी दाण्यावरच आली बघ," म्हणायचे.

आज अमेरिकेत, ओहायोमधल्या टोलेडो शहरात, आमच्या बेसमेंटमध्ये माझं एक टेबल आहे. त्यावर बोल्टनं घट्ट बसवलेला काडतुसं भरायचा प्रेस, शेजारी पावडर सोडणारं मापक, पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा आणि ग्रेन दाखवणारा छोटा काटा. पौंडाला ७००० ग्रेन. त्या काट्यावर मी बंदुकीची दारू तोलते. माझ्या .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरच्या एका काडतुसाला लागणारी पावडर दोन गुंजांच्याही आत असते, आणि तिच्यावर बसणारी शिशाची गोळी जेमतेम दहा माशांची. हे फोनवर सांगितलं तेव्हा अण्णा जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन गुंजांत दहा मासं शिसं पन्नास यार्ड जातंय?" जातं, अण्णा. आणि गोळीमागून गोळी एकाच जागी जातं, जर त्या दोन गुंजा प्रत्येक वेळी तेवढ्याच असतील तर.

इथे आधी कायद्याचं सांगते, कारण वाचणाऱ्यांत महाराष्ट्रातले नेमबाज असतील. भारतात शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. घरी काडतुसं भरायचा छंद तिथे कुणी करू नये. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. पण तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही इथला कायदा मनाई करतो. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत तेवढेच. म्हणून एच-१बीवर होते तोवर मी नुसती बघत राहिले. २०१० साली आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा मी टोलेडोत रात्री उशिरापर्यंत बातम्या चाळत बसले होते. तीन वर्षांनी राही सरनोबतनं चांगवनला विश्वचषकात पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं. ज्या गावात मी सोळाव्या वर्षापर्यंत वाढले, त्या गावच्या मुली हे करतात आणि मी मात्र कुंपणाबाहेर, ही रुखरुख फार दिवस होती. ग्रीन कार्ड २०१४ मध्ये हातात आलं. त्याच महिन्यात क्लबात नाव घातलं.

आमच्या घरापासून गाडीनं तासाभरावर, एरी तलावाच्या काठी कॅम्प पेरी आहे. १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा तिथे होतात. तलावाकडून वारा येतो आणि लांबच लांब रांगेत माणसं एका हातानं पिस्तूल धरून उभी राहतात. एका हातानं, हे मुद्दाम सांगते, कारण ही बुल्सआय पद्धतीची नेमबाजी चित्रपटांत दिसते तशी नसते. तीन प्रकारची पिस्तुलं, प्रत्येकी ९० गोळ्या, एकूण २७०. दर गोळीला जास्तीत जास्त दहा गुण, म्हणून स्पर्धेचं नावच 'सत्तावीसशे'. निम्मं काम श्वासाचं आणि बोटाचं. उरलेलं काडतुसाचं. माझ्या प्रकाराला लागणारी वॉडकटर गोळी टोकदार नसते, डबीच्या झाकणासारखी सपाट असते आणि काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या तोंडाशी लपून बसते. ती कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते, पंचिंग मशीननं पाडावं तसं. तसं भोक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अण्णांची पानडी आठवली. पत्र्यावर ठशाचा एकच घाव, आणि कडेला कुठे कुसळ नाही.

ही काडतुसं विकत मिळतात, पण महाग, आणि दुकानात सापडली तर सापडली. रिकाम्या पितळी पुंगळ्या मात्र दर शनिवारी पायाशी पडलेल्या. त्या घासून, जुना प्रायमर (बुडातली, घोडा आपटला की पेटणारी टोपी) काढून, नवा बसवून, पावडर आणि गोळी घालून पुन्हा वापरता येतात. एक पुंगळी कितीतरी वेळा चालते. तेव्हा ठरवलं, भरायला शिकायचं. प्रेस कोणता, साचे कोणते, हे दोन दिवसांत उरकलं. पावडर निवडायला तीन वर्षं लागली.

पहिल्यांदा दुकानात गेले ती वेळच वाईट होती. २०१३ पासूनचा तुटवडा अजून सरला नव्हता आणि पावडरच्या फळ्या रिकाम्या होत्या. तरी नावं वाचली: बुल्सआय, युनिक, रेड डॉट, २३१, एचपी-३८, टाइटग्रुप. यांतल्या २३१ आणि एचपी-३८ या एकाच पावडरला लावलेल्या दोन चिठ्ठ्या आहेत, हे मला नंतर कळलं. तोवर मी दोन्हींच्या गुणदोषांची वहीत वेगवेगळी पानं केली होती.

पावडर म्हणतो खरं, पण ती पूड नसते. दिवाळीच्या फटाक्यातली काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. ती पेटली की निम्म्याहून जास्त धूर आणि काजळीच होते. १८८४ मध्ये पॉल व्येई या फ्रेंच रसायनज्ञानं नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची पावडर केली, तीन वर्षांनी आल्फ्रेड नोबेलनं त्यात नायट्रोग्लिसरिन घातलं, आणि आज पिस्तुलाची जवळजवळ प्रत्येक पावडर त्या दोघांचीच वंशज आहे. हातावर घेतली तर करड्या रंगाच्या चपट्या टिकल्या दिसतात, नाहीतर बारीक गोळ्या. तो करडा रंग ग्राफाइटचा. दाणे एकमेकांवरून सहज घसरावेत आणि स्थिर वीज साठू नये म्हणून ते चोळलेलं असतं. ओहायोच्या कोरड्या हिवाळ्यात दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो. तेव्हा या ग्राफाइटची किंमत कळते.

कोणती पावडर किती वेगानं जळते हा निवडीचा पहिला प्रश्न. आमच्या घरी आंघोळीचा तांब्याचा बंब होता. त्यात आई आधी काटक्या घालायची, त्या भसकन पेटायच्या. मग गोवऱ्या, मग एखादा ओंडका, तो धिम्यानं जळायचा. लाकूड तेच, पण हवेला उघडा भाग किती आहे त्यावर जळणं ठरतं. पावडरचंही तसंच आहे. पातळ टिकली लवकर संपते, जाड दांडी सावकाश. रायफलची नळी लांब, तिला ओंडका लागतो. रिव्हॉल्व्हरची नळी वीतभर. गोळी डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर. तिथे काटक्याच हव्यात. वेगानं जळणारी म्हणजे जास्त ताकदीची, असं नवख्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. तसं नाही. वेगवान पावडर थोडीच लागते आणि थोडीच चालते. तीच जरा जास्त पडली की दाब झरकन चढतो.

हा दाब केवढा? .३८ स्पेशलची कमाल मर्यादा चौरस इंचाला १७००० पौंड. मोटारीच्या टायरमध्ये ३२-३३ असतो. आणि पिस्तुलांच्या जगात हे काडतूस सौम्य मानतात. नऊ मिलिमीटरची मर्यादा ३५००० आहे. या पुस्तकातल्या मर्यादा आहेत, चांगल्या पोलादाला ठाऊक असलेल्या. कुणी माझ्याकडे किती ग्रेन घालू असं विचारलं, तर मी पावडर बनवणाऱ्या कंपनीचं चालू वर्षाचं पुस्तक उघडायला सांगते. इथेही आकडा लिहिणार नाही. गोळीचं वजन तेच असूनही ती दोन केस खोल बसली तर आतली जागा घटते आणि दाब बदलतो. मग दुसऱ्याच्या टेबलावरचा आकडा माझ्या टेबलावर खरा राहत नाही.

आमच्या क्लबात एक आजोबा होते. मी त्यांना मनातल्या मनातच आजोबा म्हणायची, तोंडावर नावानं. आयुष्यभर टोलेडोत डाय आणि साचे बनवण्याचं काम केलेले. हे शहर काचेसाठी ओळखलं जातं तसं वजनकाट्यांसाठीही. टोलेडो स्केल कंपनीच्या जुन्या काट्यांवर कोरलेलं असायचं, 'स्प्रिंग नाही, वजन चोख'. त्यांच्या गॅरेजमध्ये तसा एक किराणा दुकानातला काटा होता, बटाटे तोलायचा. अण्णा सोनाराचे, हे साच्यांचे. दोघांच्याही बोटांना हजारांश इंच कळायचा. भरायचं काम त्यांनीच मला शिकवलं, आणि पावडर निवडून दिली तीही त्यांनीच. बुल्सआय. दुसऱ्या कोणत्या नावाचा विचारही त्यांनी केला नव्हता, गेली पन्नास वर्षं.

त्यांचं काही चुकत नव्हतं. बुल्सआय १८९८ सालची. आधी लॅफ्लिन अँड रँड कंपनीची, मग ड्यूपाँटची. सरकारनं ड्यूपाँटची मक्तेदारी मोडली तेव्हा हर्क्युलिसकडे आली आणि पुढे अलायंटकडे. कंपन्या बदलल्या, ही राहिली. आमच्या स्पर्धेला आणि तिला एकच नाव आहे, यात काय ते आलं. टिकल्या इतक्या बारीक की मापकातून पाण्यासारख्या उतरतात. पन्नास वेळा दांडा ओढला तर पन्नासही मापं ग्रेनच्या एका दशांशाच्या आसपास. लागते इतकी कमी की पौंडाच्या एका डब्यात दोन हजारांवर काडतुसं होतात. मी सलग दोन वर्षं तीच वापरली आणि माझे गुण चढत गेले.

पण .३८ स्पेशलची पुंगळी हीसुद्धा १८९८ सालचीच आहे, आणि ती बेतली होती काळ्या दारूसाठी. वीसेक ग्रेन काळी दारू मावावी एवढी ती खोल केली. पुढे तिच्यात बिनधुराची पावडर भरू लागले, काळ्या दारूच्या सातव्या-आठव्या भागानं तेवढंच काम होऊ लागलं, पण पुंगळीची उंची तशीच राहिली. म्हणजे आपण शेराच्या भांड्यात चिमूटभर ओततो. बुल्सआयचं माप त्या पितळी विहिरीच्या तळाशी नुसतं पसरतं. चुकून दोनदा पडलं तरी तळाशीच. गोळी वर निमूट बसते.

२०१७ च्या फेब्रुवारीतली रात्र. नऊ वाजले होते, म्हणजे कोल्हापुरात सकाळचे साडेसात. मी ठोकळ्यातल्या पुंगळ्यांत पावडर सोडत होते आणि फोन वाजला. भावाचा. या वेळी त्याचा फोन म्हणजे काळजात धस्स होतं. तसं काही नव्हतं. म्हणाला, "अण्णा आजपासून बसणार नाहीत म्हणतायत." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, लांबचं स्वच्छ दिसायचं, पण फुंकणी तोंडात धरून दोन पानड्यांमधली झाळ बघायची ती नजर परत आली नव्हती. आदल्या दिवशी एका साजाच्या एकवीस पानड्यांतली एक त्यांच्या हातून वितळली. मालक काही बोलले नाहीत. अण्णांनी स्वतःच चिमटा, फुंकणी, कानस पुसून कापडात बांधली आणि घरी आले.

मी अण्णांशी बोलले नाही. ते अंगणात जाऊन बसले होते. भावाशी बोलून फोन ठेवला, दांड्यावर हात ठेवला आणि पुढच्या पुंगळीपासून काम पुढे चालू केलं. पन्नास पुऱ्या झाल्या. गोळ्या बसवायला सुरुवात करणार तेवढ्यात मनात आलं, फोन वाजला तेव्हा दांडा वर होता की खाली?

बॅटरी लावून पाहिलं. पन्नास काळी भोकं, प्रत्येकाच्या तळाशी करडा थर. चोविसावी जरा वर वाटली. मग सव्विसावीही वाटली. बॅटरी तिरकी केली की तिसरीच वर वाटायची. पुंगळ्या तोलून बघाव्यात तर त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या; पितळाच्या वजनातच एकमेकींत दोन-चार ग्रेनचा फरक, आणि मी शोधत होते तोही तेवढाच. शेवटी एकेक पुंगळी काट्याच्या ताटलीत ओतली. चोविसाव्या पुंगळीत दुप्पट होती.

दुप्पट पावडरीनं दाब नुसता दुप्पट होत नाही, त्याहून कितीतरी वर जातो. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर फुटतो, वरची पोलादी पट्टी उडते. उलटी चूक, म्हणजे पावडर पडलीच नाही, तीही तितकीच वाईट: एकटा प्रायमर गोळीला नळीत अर्ध्यावर ढकलतो, आवाज फुस्स येतो, आणि घाईत मागून दुसरी गोळी सोडली तर नळीच जाते. ती रिव्हॉल्व्हर मी नाकासमोर धरते. शेजारच्या लेनवर त्या वर्षी एक कॉलेजातली मुलगी असायची.

त्या रात्री काटा बरोबर होता, मापक बरोबर होतं, पावडर उत्तम होती, आणि मीही, खरं सांगायचं तर, बेफिकीर नव्हते. माझा जीव फक्त दुसरीकडे होता. असा जीव दुसरीकडे जाण्याची वेळ पुन्हा येणारच. दूर देशी राहणाऱ्यांच्या घरी फोन अवेळीच वाजतात. मग मी माझ्या वहीतली पानं उलटी वाचायला लागले. कोणती पावडर जास्त नेमकी, कोणती स्वस्त, हे सोडून एकच बघू लागले: माझी चूक झाली तर ती मला उघड्या डोळ्यांनी दाखवणारी यांत कोणती?

फुगीर पावडर हवी होती. वजनाला तेवढीच, पण जागा जास्त व्यापणारी. सगळ्यांत फुगीर होती ट्रेल बॉस, मधे भोक असलेल्या इवल्या कड्यांची, जुन्या मोठ्या पुंगळ्यांसाठीच काढलेली. तिचा एक डबा मिळाला, पुढे ती मिळेनाशी झाली. युनिक आणून पाहिली. तिला जोर असला तर ती नीट जळते, आणि माझी हलकी वॉडकटर तिला तेवढा दाबच देत नव्हती. नळीत अर्धवट जळलेल्या टिकल्या राहायच्या आणि हात कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे. मग आली रेड डॉट. मुळात शॉटगनच्या छर्‍यांच्या काडतुसांची पावडर, पण जळण्याच्या वेगात बुल्सआयच्या शेजारची, आणि तेवढ्याच वजनाला बरीच जास्त जागा घेणारी.

डबा उघडला आणि मी थांबले. मोठ्या करड्या टिकल्या आणि त्यांत मधूनच एखादी लालभडक. ओळख पटावी म्हणून कारखान्यातच काही टिकल्या रंगवतात. काळं आणि लाल. अण्णांच्या पितळी डबीतल्या गुंजा.

ही निवड फुकट मिळालेली नाही. रेड डॉटच्या टिकल्या मोठ्या, त्या मापकात कधी अडकतात, कधी आडव्या पडतात. म्हणून दांडा दर वेळी एकाच लयीत ओढावा लागतो, वर एकदा थांबून, खाली एकदा टिचकी मारून. दर दहावं माप मी काट्यावर तोलते. पूर्वी तासात जेवढी व्हायची त्याच्या निम्मीच होतात. दुप्पट पडली तर ती पुंगळीबाहेर सांडते असंही नाही. पण दिसते. ठोकळा दिव्याखाली जरा कलता धरला की जिच्यात जास्त आहे तिच्यातली पावडर शेजारणींच्या वर डोकं काढते, आणि रिकामी राहिलेली काळी ठिक्कर दिसते. पन्नास यार्डांवर कागदावरच्या माझ्या भोकांचा घेर बुल्सआयपेक्षा किंचित मोठा झाला असेल. पहिल्या वर्षी मला तो दिसला, आता दिसत नाही. माझा हात त्याहून जास्त हलतो.

आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांना ते पटलं नाही. "चूक होऊ द्यायचीच नाही," एवढंच म्हणाले. साच्याच्या कारागिराला हे शोभतंच. मी वाद घातला नाही. त्यांनी मला शिकवलेल्या बाकीच्या सगळ्या सवयी तशाच आहेत: टेबलावर एका वेळी एकच डबा, मापकात उरलेली पावडर त्याच संध्याकाळी त्याच डब्यात परत, दोन पावडरी कधीही एकत्र नाहीत, पावडर तिच्या मूळ डब्यातच. घरात वीस पौंडांपर्यंत मूळ डब्यांत ठेवता येते. त्याहून जास्त असेल तर इंचभर जाड लाकडाच्या पेटीत ठेवावी, असा अग्निसुरक्षेचा संकेत आहे. लाकडाच्या, लोखंडी तिजोरीत नाही. बिनधुराची पावडर मोकळ्यावर नुसती भुरभुर जळते. कोंडली की ती बॉम्ब होते. लाकूड वेळेवर हार मानतं.

सांडलेल्या टिकल्या मी मऊ ब्रशनं सुपलीत घेते, व्हॅक्यूम क्लीनर कधीच लावत नाही, मोटरच्या ठिणगीचं भय. अण्णाही संध्याकाळी बसायची जागा अशीच ब्रशनं झाडायचे, एक कण वाया जाऊ नये म्हणून. ते कण डबीत जायचे. माझे फेकायचे असतात, आणि ते फेकताना माझा हात अजूनही क्षणभर अडतो.

तीन वर्षांपूर्वी आजोबांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. टेबलावर रेड डॉटचा नवा डबा. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं माप कुठपासून सुरू करायचं ते पुस्तकात दाखव. अक्षरं बारीक आहेत." त्यांच्या डोळ्याच्या मधोमध धुरकट व्हायला लागलं होतं; कडेनं दिसायचं, समोरचं नाही. बुल्सआयचा तळ त्यांना आता कुठल्याच बॅटरीनं दिसत नव्हता. आम्ही पुस्तक उघडलं, किमान मापापासून दहा काडतुसं भरली, मी वाचत होते आणि ते दांडा ओढत होते. एकदाही टिकली अडकली नाही. त्या हाताला लय कुणी सांगावी लागली नाही.

फळीवर मागे एक काचेची बरणी होती, चिठ्ठी निघून गेलेली, आत ओंजळभर करडी पावडर. "बुल्सआयच आहे ती, मला माहीत आहे," ते म्हणाले. मी काही बोलले नाही. त्यांनीच मग बरणी उचलली, वास घेतला, आणि मागच्या अंगणात नेऊन टोमॅटोच्या वाफ्यात पसरून वर पाणी सोडलं. नायट्रोजन आहेच तिच्यात.

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला गेले तेव्हा अण्णांची पितळी डबी काढली. आम्ही लहान असताना आई ती उंच फळीवर ठेवायची, कारण गुंज विषारी असते. चावून पोटात गेली तर जीव घेते. अण्णांना घेऊन गुजरीत गेले, त्यांच्या जुन्या शेजाऱ्याच्या दुकानातल्या मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर एकेक गुंज ठेवली. कोष्टकाप्रमाणे ती १२१ मिलिग्रॅम आणि वर थोडी भरायला हवी. ११८ आली, मग १२३, मग ११९, १२२. आमच्या कोपऱ्यावरच्या वेलीच्या गुंजा मुद्दाम नेल्या होत्या, त्या ९५ पासून १३५ पर्यंत कुठेही. मी अण्णांकडे बघितलं. "शंभरातनं चार-पाच निवडायची," ते म्हणाले. "काट्यावर?" "काटा कुठला तवा? हातावर घ्यायची आणि बघायची."

आता शनिवारी सकाळी मी भरायला बसते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. भाऊ अण्णांच्या पुढ्यात मोठा टॅब्लेट ठेवतो. पावडर सोडून झाली की मी दिवा जवळ ओढते आणि ठोकळा कॅमेऱ्यासमोर कलता धरते. अण्णा दोन बोटांनी चित्र मोठं करतात, ओळीवरून ओळ बघत जातात, घाई नाही. काल म्हणाले, "तिसऱ्या ओळीत, डावीकडनं चौथी. जरा खाली वाटतीया."

मी ती पुंगळी उचलून ताटलीत ओतली. काट्यावर बरोबर भरली. अण्णांना तसं सांगितलं.

"सावली असंल मग," ते म्हणाले.

मी ती पावडर परत पुंगळीत घातली, ठोकळा पुन्हा दिव्याखाली धरला, आणि ते पुन्हा पहिल्या ओळीपासून बघू लागले.